थोड्याची बरकत

जून महिन्यात शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मुलांच्या वह्या पाहण्यासारख्या असतात. नवे कव्हर, त्यावर नावाची चिठ्ठी, समास पट्टीने आखलेला, अक्षर मोत्यासारखे. दहाव्या पानावर समास वाकडा होतो. विसाव्या पानावर अक्षर घाईत असते. चाळिसाव्या पानावर तारीखसुद्धा नसते. वीसेक वर्षे वह्या तपासल्यावर आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. मुलाची ओळख पहिल्या पानावरून करून घ्यायची नाही, चाळिसावे पान उघडून पाहायचे. पहिले पान उत्साह लिहितो, चाळिसावे पान सवय लिहिते.

मोठ्या माणसांचेही याहून वेगळे नाही. रमजानमध्ये मन मऊ झालेले असते. ईदनंतर रोज तासभर वाचायचे, मुलांना घेऊन बसायचे, अर्धवट पडलेले भरतकाम पुरे करायचे, असे किती तरी बेत आपण आखतो. शव्वाल संपेपर्यंत त्यांतले बहुतेक बेत विरून जातात. मग आपण स्वतःलाच दोष देतो. "आपल्याकडून काही व्हायचे नाही," असे म्हणून मोकळे होतो. दोष माणसात कमी आणि बेताच्या आकारात जास्त असतो, हे आपल्या लक्षात येत नाही. ज्या घरात सकाळी दोन डबे भरायचे असतात, नळाला पाणी ठरावीक वेळी येते, आजारी सासूला औषध द्यायचे असते, त्या घरात तासभर मोकळा कोठून येणार? तेथे दहा मिनिटेच मिळतात. प्रश्न इतकाच की त्या दहा मिनिटांचे काही होऊ शकते का?

आमचे उत्तर आहे, होय. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली एक हदीस बहुतेक घरांत माहीत आहे. जे काम सातत्याने केले जाते, ते थोडे असले तरी अल्लाहला अधिक प्रिय असते, असा तिचा आशय आहे. ही शिकवण इबादतीच्या संदर्भात आहे आणि तिचा मान तिथेच राखला पाहिजे. पण तिच्यात माणसाच्या स्वभावाची जी पारख आहे, ती रोजच्या जगण्यालाही लागू पडते. एका दमात भरलेला हौद आटतो, थेंबाथेंबाने चालू असलेली झर आटत नाही.

पाटी रोज पुसली जाते

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे अक्षर शिकण्याची जुनी रीत आम्हाला फार जवळची वाटते. उर्दू-फारसीच्या सुलेखनात सरावाला 'मश्क' म्हणतात. उस्ताद वर एक ओळ लिहून देत असे आणि शागिर्द तिच्याखाली तीच ओळ पुन्हा पुन्हा गिरवत असे. आधी सुटी अक्षरे, म्हणजे मुफरदात. ती बसली की जोडाक्षरांची पाळी, म्हणजे मुरक्कबात. एकेका अक्षरावर दिवसच्या दिवस जात. माप कशाने घ्यायचे? कलमाच्या तिरक्या टोकाने काढलेल्या ठिपक्याने, म्हणजे नुक्त्याने. अलिफ किती नुक्ते उंच, 'बे' किती नुक्ते लांब, याचा हिशेब ठरलेला असे. ही मापे बांधण्याचे श्रेय बगदादचे वजीर इब्न मुकला यांना दिले जाते. ते इ. स. ९४० मध्ये वारले. हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी सुलेखन शिकणारा आजही ठिपके मोजूनच अक्षर काढतो.

उत्तरेकडे हा सराव लाकडी तख्तीवर होत असे. तख्तीला मुलतानी माती सारवायची, उन्हात वाळवायची, बरूच्या कलमाने लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी धुऊन पुन्हा सारवायची. आपल्याकडे दगडी पाटी होती. ओल्या फडक्याने पुसली की कोरी. या रीतीतले शहाणपण आम्हाला शिकवता शिकवता उमगले. पाटी रोज पुसली जात असल्यामुळे मुलाला वाईट अक्षराची भीती वाटत नसे. आजचा वाकडा 'जीम' उद्या कोणाला दिसणार नव्हता. हातात मात्र त्या वाकड्या 'जीम'चा अनुभव राहत असे आणि उद्याचा 'जीम' थोडा सरळ येत असे. लिहिलेले पुसले जाई, हात तयार होई.

आपली अडचण इथेच आहे. आपल्याला पहिल्याच दिवशी असे काही करायचे असते, जे चार जणांना दाखवता येईल. चित्र काढले तर भिंतीवर लावण्याजोगे, लिहिले तर छापण्याजोगे, शिवले तर लग्नात घालण्याजोगे. म्हणून आपण सुरुवातच करीत नाही. सर्जनशीलता हा शब्द ऐकला की आपल्याला मोठे कवी आणि चित्रकार आठवतात. पण कालच्या भाताचे आज वेगळे काही करणारी बाई सर्जनशील असते. जुन्या ओढणीच्या काठाची उशीची खोळ शिवणारी दादी सर्जनशील असते. आपल्या हातून रोज काही तरी नवे घडावे ही माणसाची भूक आहे. ती भागली नाही की मन चिडचिडे होते आणि कारण कळत नाही.

किहीमची सुगरण

थोड्या थोड्या सवयीचे केवढे फळ येऊ शकते, याचे एक खरे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडले आहे. डॉ. सालीम अली यांचे नाव आपण ऐकलेले असते. १८९६ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. आई-वडील लहानपणीच गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतील घरात ते वाढले. साधारण दहा वर्षांचे असताना त्यांनी चिमणीच्या एका घरट्यावर पाळत ठेवली आणि जे दिसले ते लिहून ठेवले. लहान मुलाने लिहिलेली ती टिपणे पुढे अनेक दशकांनी छापली गेली. पाहायचे आणि लिहून ठेवायचे, एवढीच ती सवय होती.

१९२६ साली त्यांना मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली. पुढे रजा घेऊन ते पक्षिशास्त्र शिकायला जर्मनीला गेले. १९३० मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली होती. घरात पत्नी तेहमिना, हाती नोकरी नाही. तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीम गावी समुद्राकाठच्या घरात राहायला गेले. तेथे जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी गेलेल्या माणसाने काय केले? रोज त्या झाडापाशी बसून पाहिले आणि पाहिलेले लिहून ठेवले.

त्या पावसाळ्यातील टिपणांतून जे निघाले, ते तोवर कोणी नीट मांडलेले नव्हते. मराठीत आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो आणि घरटे मादीचे समजतो. प्रत्यक्षात घरटे विणतो नर. तो अर्धे घरटे विणून ठेवतो, मग माद्या येऊन ते तपासतात. एखादीला पसंत पडले की ती आत राहायला येते आणि नर ते पुरे करतो. त्यानंतर तो दुसरे घरटे विणायला घेतो. पसंत न पडलेली घरटी अर्धवटच लोंबत राहतात. हा अभ्यास १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सालीम अलींचे नाव जाणकारांत झाले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक आले. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८७ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्यांचे निधन झाले.

आम्ही ही गोष्ट वर्गात सांगतो तेव्हा मुलांना दोन गोष्टी दाखवतो. पहिली, बेकारीचे दिवस आले तेव्हा सवय आधीच अंगात होती. अडचणीच्या दिवसांत नवी सवय लावणे अवघड असते, जुनी सवय मात्र माणसाला धरून ठेवते. दुसरी, सुगरणीच्या झाडावर पुऱ्या घरट्यांबरोबर अर्धवट घरटीही असतात. अर्धवट घरट्यांची लाज त्या पक्ष्याला वाटत नाही. तो पुढचे विणायला घेतो.

सवय कशी रुजते

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक लहानशी सवय निवडायची होती. उदाहरणार्थ, जेवणाबरोबर एक फळ खाणे. आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला जोडायची होती. ती सवय आपोआप होऊ लागायला किती दिवस लागतात? मधला आकडा ६६ दिवसांचा आला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसले. म्हणजे शेजारणीची सवय तीन आठवड्यांत रुजली आणि आपली दोन महिन्यांत रुजली नाही, तर निराश व्हायचे कारण नाही.

या अभ्यासातील 'ठरलेली घटना' हा भाग महत्त्वाचा आहे. "वेळ मिळेल तेव्हा" असे म्हटले की वेळ कधी मिळत नाही. आपल्या घरांत मात्र दिवसाला पाच खुंट्या आधीच ठोकलेल्या आहेत. नमाज ही इबादत आहे, तिला सवयीच्या रांगेत आम्ही बसवीत नाही. पण तिच्यामुळे दिवसाचे जे भाग पडतात, त्यांचा आधार घेता येतो. फज्रनंतर घर शांत असते. ज्यांना लगेच चूल पेटवायची नसते, त्यांच्यासाठी ती वेळ सोन्याची. गृहिणींना जुहरनंतर, भांडी आवरल्यावर थोडी उसंत मिळते. शाळकरी मुलांना असर आणि मगरिबच्या मध्ये. दुकानातून उशिरा येणाऱ्यांना इशानंतर. ज्या दिवसांत बायकांना नमाजची सूट असते, त्या दिवसांतही मशिदीतून अजान तर होतेच. खुंटी जागेवरच असते, आपली दहा मिनिटे तिला अडकवून ठेवायची.

दुसरी गोष्ट आकाराची. सवय इतकी लहान ठेवावी की ताप आला असतानाही ती करता यावी. पाच ओळी लिहिणे, क्रोशाची एक ओळ विणणे, पुस्तकाची दोन पाने वाचणे, एका पानाचे चित्र काढणे, एक शेर मनात जुळवणे. आमच्या एका सहकारी शिक्षकांचे म्हणणे असे की एवढ्याने काय होणार? आम्ही त्यांना हिशेब मांडून दाखवला. रोज पाच ओळी, वर्षाला १,८२५ ओळी. वहीच्या पानावर २५ ओळी धरल्या, तर ७३ पाने होतात. वर्षातले शंभर दिवस वाया गेले तरी ५३ पाने उरतात. रोज दोन पाने वाचली तर वर्षाला ७३० पाने, म्हणजे मध्यम आकाराची तीन पुस्तके. आपल्यापैकी कितीजणांनी मागच्या वर्षी तीन पुस्तके पुरी केली?

तिसरी गोष्ट, साहित्य हाताशी असावे. वही कपाटात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या खोलीत, असे असेल तर दहा मिनिटे शोधण्यातच जातात. वही आणि पेन दोऱ्याने बांधून खिडकीत ठेवावे. विणकामाची पिशवी ओसरीवरच्या खुंटीला असावी. आणि मोबाईल तेवढी दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत असावा. मोबाईलचे व्यसन लागले कसे, तेही पाहा. कोणी एका दिवसात ठरवून लावून घेतले नाही. इशानंतर पाच मिनिटे, मग दहा, मग तास. लहान सवयीची ताकद आपल्याला ठाऊक नाही असे नाही. ती आपल्याविरुद्ध वापरली जात आहे, एवढेच.

चौथी गोष्ट चुकलेल्या दिवसाची. नमाज चुकली तर तिची कजा आपल्यावर असते. या सवयींना कजा नाही. काल पाच ओळी राहिल्या म्हणून आज दहा लिहायला बसू नये. तसे केले की ओझे वाढते आणि तिसऱ्या दिवशी वहीच उघडावीशी वाटत नाही. काल गेला. आजच्या पाच ओळी आज लिहाव्यात.

पाचवी गोष्ट, लगेच कोणाला दाखवू नये. पहिले साठ-सत्तर दिवस ती पाटी आहे असे समजावे. फोटो काढून स्टेटसला ठेवले की आपण कामाकडे पाहायचे सोडतो आणि किती जणांनी पाहिले ते मोजू लागतो.

एक वही

पालकसभेत आमच्या एका विद्यार्थिनीची आई भेटली. मुलीच्या निबंधाविषयी बोलता बोलता म्हणाली, "सर, मीपण लिहायचे हो शाळेत. आता काय करायचंय लिहून?" लग्न होऊन पंधरा वर्षे झालेली, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. आम्ही तिला मोठे काही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "ताई, जुहरनंतर सासूबाईंच्या उशाशी बसता ना? त्या जे बोलतात त्यातल्या पाच ओळी लिहा."

तिने लिहायला घेतले. सुरुवातीला औषधाच्या वेळा आणि दुखण्याच्या तक्रारीच होत्या. मग म्हातारीलाच त्यात रस वाटू लागला. ती स्वतःहून सांगू लागली. माशांची जुनी नावे, पावसाच्या सरींची नावे, कोणत्या पाल्याचा लेप कशावर लावायचा, सांदणाला तांदूळ किती वेळ भिजवायचा, ईदच्या आदल्या रात्री घरात कोण कोणते काम करायचे, कोणाचे लग्न कोणत्या वर्षी झाले. सून लिहीत गेली. तिने आम्हाला पुढे सांगितले की आधी त्या खोलीत जायचे म्हणजे नुसते काम वाटायचे, नंतर ती जुहरची वाट पाहू लागली.

सात-आठ महिन्यांनी सासू अल्लाहला प्यारी झाली. वही उरली. आता आमची विद्यार्थिनी तिच्यातले शब्द वाचते आणि अर्थ आईला विचारते. त्यातले काही शब्द आम्हालाही नवे होते आणि गावात ते जाणणारे आता दोन-चारच उरले आहेत. त्या बाईने साहित्य लिहिले का? हे आम्ही ठरवीत नाही. पण एक म्हातारी गेली तेव्हा तिच्याबरोबर सारे गेले नाही. आणि तिची सून "आता काय करायचंय लिहून" असे पुन्हा म्हणाली नाही.

हे प्रत्येक घरात होऊ शकते. आपल्या दादी-नानी उर्दू बोलणाऱ्या असोत, दखनी बोलणाऱ्या असोत वा कोकणातली मराठी बोलणाऱ्या, त्यांच्या तोंडी जे आहे ते कोणत्याही पुस्तकात पूर्णपणे आलेले नाही. रोज एक शब्द टिपला तर वर्षाला तीनशेहून अधिक शब्दांचा घरचा कोश तयार होतो. लिहिण्याची आवड नसेल तर मुलांना खिडकीत पाण्याचे भांडे ठेवायला सांगा आणि कोणता पक्षी किती वाजता आला ते नोंदवू द्या. घरातील पुरुषांनाही यातून सूट नाही. सुगरणीचे घरटे कोण विणतो ते आपण वर पाहिलेच आहे. अब्बांनी रात्री मुलांना दोन पाने मोठ्याने वाचून दाखवली, तर अब्बा आणि मुले दोघांचीही सवय एकाच वेळी रुजेल.

यातून पैसा मिळेल, नाव होईल, असे आम्ही सांगणार नाही. बहुतेक वह्या घरातच राहतील. पण दिवस संपताना आपल्या हाताने आज काही घडले, ही जाणीव झोपेआधी मनाला शांत करते. मुले ती शांतता पाहतात. आई रोज काही तरी लिहिते, हे पाहिलेल्या मुलाला "लिहायला बस" असे ओरडून सांगावे लागत नाही.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, या महिन्यात एवढेच करा. घरात पडलेली कोणतीही अर्धी वही घ्या, नवी आणू नका. नव्या वहीचे पहिले पान घाबरवते. पाचांपैकी एक वेळ ठरवा. पाच ओळी लिहा, किंवा तुमच्या हाताला जे जमते त्याची पाच ओळींएवढी मात्रा ठरवा. चुकलेल्या दिवसाचा हिशेब ठेवू नका. ६६ दिवसांनी, म्हणजे दोन महिन्यांनी पुढचा अंक हाती येईल त्या सुमारास, वहीचे चाळिसावे पान नाही तरी तेरावे-चौदावे पान भरत आलेले असेल. तेवढे पुरेसे आहे. अल्लाह आपल्या थोड्यात बरकत देवो. आमीन.